तात्पर्य आणि परिणाम : नगरच्या व्याख्यानांवरील खटल्याचे एक वाचन

राजद्रोहाच्या खटल्यांचा विचार मराठीत बहुधा राजकीय चरित्राच्या अंगाने झालेला आहे. आरोपीचे धैर्य, सरकारची दडपशाही, शिक्षेची कठोरता हे या विचाराचे नेहमीचे विषय. परंतु असा प्रत्येक खटला हा मुळात एका संहितेच्या अर्थनिर्णयनाचा वाद असतो, ही गोष्ट साहित्यविचाराने पुरेशी लक्षात घेतलेली नाही. उच्चारलेल्या वा छापलेल्या शब्दांचा अर्थ काय, तो कोणी ठरवायचा आणि कशाच्या आधारे ठरवायचा, हे प्रश्न न्यायालयाला टाळता येत नाहीत. समीक्षेलाही येत नाहीत. या दृष्टीने लोकमान्य टिळकांवरील १९१६ चा खटला १८९७ आणि १९०८ च्या गाजलेल्या खटल्यांपेक्षा अधिक उद्बोधक ठरतो.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली. त्यानंतर टिळकांनी १ मे रोजी बेळगावला एक आणि ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) दोन व्याख्याने दिली. ही तिन्ही व्याख्याने राजद्रोहात्मक आहेत असे ठरवून, वर्षभर चांगली वर्तणूक ठेवण्याबद्दल वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत, अशी नोटीस त्यांना देण्यात आली. ती त्यांच्या साठीच्या समारंभाच्या सुमारास बजावली गेली, हा योगायोग प्रसिद्धच आहे. कारवाई फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०८ व्या कलमाखाली होती. या कलमाखाली आरोप ठेवून शिक्षा द्यावयाची नसते, तर पुढील बोलण्याबद्दल आगाऊ हमी घ्यावयाची असते. त्यामुळे ज्यूरीचीही गरज पडत नाही. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने हमी मागणारा हुकूम दिला. मुंबई उच्च न्यायालयात टिळकांची बाजू बॅ. जिना यांनी मांडली, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला.

निकालाचे महत्त्व टिळक सुटले एवढ्यापुरते नाही. न्या. बॅचलर यांनी वाचनाची एक रीत स्पष्टपणे सांगितली. व्याख्याने आरंभापासून अखेरपर्यंत शांतपणे वाचावीत, सरकारच्या वा आरोपीच्या बाजूने अर्थ ताणू नये, आणि सुट्या शब्दांपेक्षा वा परिच्छेदांपेक्षा समग्र परिणामाकडे अधिक लक्ष द्यावे, असा तिचा आशय होता. काही परिच्छेद आक्षेपार्ह आहेत हे मान्य करूनही समग्र संहिता राजद्रोहात्मक नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला.

ही रीत पूर्वीच्या खटल्यांच्या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. १८९७ च्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कलम १२४-अ समजावून देताना 'अप्रीती' म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव असा अर्थ सांगितला. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर त्यांनी नञ्चा अर्थ अभावपर घेतला. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील 'प्रतोद' पत्राच्या खटल्यात न्या. महादेव गोविंद रानडे यांनी अप्रीती म्हणजे निव्वळ अभाव नव्हे, तर वैरभावाच्या जातीची निश्चित भावना होय, असा विरोधपर अर्थ प्रतिपादला. 'अधर्म' म्हणजे धर्माचा अभाव की धर्माच्या विरुद्ध असलेले काही, असा जो प्रश्न वैयाकरण विचारतात, त्याच्या उत्तरावर येथे एका संपादकाचा तुरुंगवास अवलंबून होता. १९०८ मध्ये प्रश्न भाषांतराचा झाला. 'केसरी'तील अग्रलेख मराठीत होते, तर ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी गृहस्थ होते. भाषांतरात मूळ शब्दांची छटा बिघडली आहे, हा टिळकांच्या प्रदीर्घ भाषणातील एक मुख्य मुद्दा होता. सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. म्हणजे १८९७ मध्ये वाद पदार्थाचा होता, १९०८ मध्ये भाषांतराचा, आणि १९१६ मध्ये तो वाक्यार्थाच्याही पुढे जाऊन महावाक्याच्या तात्पर्यापर्यंत पोचला.

'तात्पर्य' हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजला आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले आणि १९१५ मध्ये, नगरच्या व्याख्यानांच्या आदल्या वर्षी, ते प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे याची चर्चा आहे. मीमांसकांनी सांगितलेली उपक्रमोपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही लिंगे टिळक तेथे पुढे ठेवतात. सुटा श्लोक उचलून आपला संप्रदाय सिद्ध करणाऱ्या भाष्यकारांवरचा त्यांचा आक्षेप याच भूमीवर उभा आहे. राजद्रोहाची शिक्षा भोगत असताना लिहिलेल्या ग्रंथाचा आरंभ वाचनाच्या शास्त्राने व्हावा, आणि पुढच्या खटल्यात त्याच जातीच्या वाचनाने लेखकाची सुटका व्हावी, ही घटना अर्थपूर्ण आहे. न्यायमूर्तींवर मीमांसेचा प्रभाव होता असे सुचविण्याचा येथे उद्देश नाही. सुट्या वाक्याचा जुलूम टाळण्यासाठी समग्राकडे जावे लागते, हे दोन भिन्न परंपरांना स्वतंत्रपणे उमगले, एवढेच.

नगरच्या व्याख्यानांना ही लिंगे लावून पाहता त्यांची रचना उलगडते. बेळगावप्रमाणे नगरलाही आरंभी नि शेवटी स्वराज्याची मागणीच आहे, आणि अभ्यासही, म्हणजे पुनःपुन्हा केलेला उल्लेखही, तिचाच आहे. बादशहाची सत्ता आणि ती प्रत्यक्ष राबविणारी नोकरशाही यांत टिळक भेद करतात, हा उपपत्तीचा भाग. अपूर्वता शोधायची तर ती 'परका' या शब्दाच्या व्याख्येत सापडते. परकेपणा कातडीच्या रंगात नाही, धर्मातही नाही. तो हितसंबंधात आहे, असे त्यांनी नगरला सांगितले. निजामशाहीच्या राजधानीत, मुसलमान राज्यकर्त्यांना परके न मानता, केलेले हे विधान आहे. या देशाचे हित पाहणारा, मग तो मुसलमान असो वा इंग्रज, परका नव्हे, हा त्याचा सरळ निष्कर्ष. सुटे उचलले तर 'सरकार परके आहे' हे वाक्य द्वेषाचे ठरते. व्याख्येसह वाचले तर ती एक कसोटी ठरते, आणि त्या कसोटीला उतरण्याची वाट सरकारलाही मोकळी राहते.

उरतो तो अर्थवाद. मीमांसेत निंदापर वाक्याचे प्रयोजन निंदा हे नसते. विधेयाची स्तुती हे असते. हा नहिनिंदान्याय येथे नेमका लागू पडतो. नोकरशाहीवरील टीका ही स्वराज्याच्या विधीला पोषक अशी निंदा आहे. आश्चर्य असे की १८९८ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १२४-अ ची स्पष्टीकरणेही याच तत्त्वावर आधारलेली आहेत : सरकारी उपाययोजना कायदेशीर मार्गाने बदलून घेण्यासाठी केलेली नापसंतीची टीका, द्वेष वा अप्रीती न चेतवता केली असेल, तर गुन्हा नव्हे. निंदेचे प्रयोजन बाहेर कोठे आहे हे पाहा, असेच कायदाही सांगतो.

येथवर न्यायालय आणि मीमांसा यांची वाट एकच आहे. 'फल' या लिंगापाशी मात्र ती फुटते. मीमांसेतील फल संहितेनेच सांगितलेले असते. ते वाचूनच कळते. न्यायालयाचे फल संहितेच्या बाहेर, श्रोत्यांच्या मनात असते. नागरी सेवेवर सरसकट केलेली टीका ही सरकारवरील टीका नव्हे, हा जिनांचा मुद्दा न्या. बॅचलर यांनी तत्त्व म्हणून मान्य केला नाही. सरकार माणसांकरवीच चालते, तेव्हा सेवेचा द्वेष सरकारच्या द्वेषापर्यंत पोचतो की नाही हा केवळ वस्तुस्थितीचा प्रश्न होय, असे त्यांनी म्हटले. पण ही वस्तुस्थिती पाहायची कोठे? नगरच्या श्रोत्याच्या मनात. आणि तो श्रोता निकालपत्रात कसा येतो? राजकारणाचे ज्ञान नसलेला समुदाय म्हणून, ज्याची आठवण वाचताना ठेवावयाची आहे. त्याची साक्ष निकालाचा आधार होत नाही. त्याची कल्पना होते. ज्याने व्याख्यान मराठीत ऐकले, त्याच्याऐवजी पोलिसी लघुलेखकांच्या टिपणांचे इंग्रजी भाषांतर वाचणारा न्यायाधीश त्याच्या वतीने ऐकतो.

या निकालातील उदारमतवादाची मर्यादा येथे आहे. वक्त्याला समग्र वाचनाचा लाभ मिळाला. श्रोत्याला समग्र माणूस म्हणून गणले गेले नाही. भाषणस्वातंत्र्याची सीमा शब्दांत नसून श्रोत्याच्या कल्पित प्रतिमेत आखली गेली. श्रोता अडाणी आणि चटकन भडकणारा मानला की तीच व्याख्याने धोक्याची ठरतात. विचारी मानला की युक्तिवादाची. पुण्याचे मॅजिस्ट्रेट आणि मुंबईचे न्यायमूर्ती यांच्यासमोर संहिता एकच होती.

दुसरी मर्यादाही नजरेआड करता येत नाही. समग्र वाचन त्याच भाषणाला वाचवते, ज्याचे तात्पर्य कायद्याला मान्य होण्याजोगे असते. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात गांधींनी अप्रीती पसरविल्याचा आरोप स्वतःच कबूल केला. तेथे अर्थनिर्णयनाचा वादच उरला नाही. तात्पर्य निःसंदिग्ध होते, आणि म्हणूनच सहा वर्षांची शिक्षा झाली. चांगले वाचन अन्याय्य कायद्याखालील चुकीची शिक्षा टाळू शकते; कायद्याचा अन्याय नाहीसा करू शकत नाही. त्यासाठी सीमेची रेषाच हलवावी लागते. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती काही अंशी हलवली : कलम वैध ठरविले, परंतु हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजविण्याचा रोख असेल तरच ते लागू होईल असे म्हटले. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने कलमाचा वापर स्थगित ठेवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली; तिच्यात 'राजद्रोह' हा शब्द नाही, पण १५२ वे कलम आहे, आणि नापसंतीच्या टीकेविषयीचे स्पष्टीकरण त्यालाही जोडलेले आहे. १०८ व्या कलमाची हमीही नव्या प्रक्रिया संहितेत १२७ व्या कलमाच्या रूपाने शिल्लक आहे. कलमांचे क्रमांक बदलले. निदर्शकाची घोषणा किंवा वक्त्याचे वाक्य कोणी, किती आणि कोणाच्या वतीने वाचावे, हा प्रश्न बदललेला नाही.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना अटक करून नगरच्याच किल्ल्यात ठेवण्यात आले. नेहरूंचा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' आणि मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रे तेथेच लिहिली गेली. या बंदिवानांवर खटला चालला नाही. त्यांच्या शब्दांचा अर्थ लावण्याची गरजच सरकारला वाटली नाही. १९१६ मध्ये निदान संहिता उघडून वाचली गेली होती. खटल्याविना स्थानबद्धता आणि सुट्या वाक्यावर उभा केलेला आरोप यांत दिसतो तेवढा फरक नाही : पहिलीत वाचन नाकारले जाते, दुसऱ्यात त्याचे सोंग केले जाते. समग्र वाचनाचा आग्रह हा म्हणूनच केवळ समीक्षेच्या शिस्तीचा भाग नाही. तो बोलणाऱ्याच्या हक्काचा पहिला अंश आहे. आणि ऐकणाऱ्यालाही अर्थ कळतो हे मान्य करणे, हा न्यायालयांत आणि समीक्षेतही अजून पुरता पदरात न पडलेला दुसरा अंश.