जबड्यापलीकडची मगर

मगरीचा फोटो म्हटलं की बहुतेक वेळा जबडाच समोर येतो. वासलेलं तोंड, दातांची रांग, आणि खाली ‘क्रूर’ किंवा ‘यमदूत’ अशी एखादी ओळ. आता खरी गोष्ट बघा. ऊन खात पडलेली मगर तोंड उघडते ते अंग जास्त तापू नये म्हणून. तिला घाम येत नाही, म्हणून ती तोंडावाटे उष्णता सोडते. म्हणजे बिचारी स्वस्थ पडलेली असते आणि फोटो काढणारा बाकीचं शरीर, चिखल, पाणी सगळं कापून फक्त दात ठेवतो. याला मी रचना म्हणत नाही. ही कात्री आहे.

हे सगळ्यात जास्त दिसतं ते अमेरिकेतल्या ॲलिगेटरच्या फोटोंमध्ये. आपल्याकडे सगळ्यांना सरसकट मगरच म्हणतात, पण ॲलिगेटर वेगळा. रुंद, गोलसर मुस्कट, आणि तोंड मिटलं की खालचे दात आत झाकले जातात. रानात तो मुख्यतः अमेरिकेच्या आग्नेय भागात सापडतो. त्याचा एक छोटा भाऊबंद चीनमध्ये आहे, तो अगदी थोडा उरलाय. कातड्यासाठी इतकी शिकार झाली की 1967 मध्ये अमेरिकेनं ॲलिगेटरला संकटग्रस्त ठरवलं. संरक्षण मिळालं आणि 1987 मध्ये तो सावरल्याचं जाहीर झालं. आज फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात कोरड्या मोसमात तळी आटली की उरल्यासुरल्या पाण्याभोवती ते गर्दी करतात, आणि लाकडी पुलावर उभं राहून कुणीही फोटो काढू शकतं.

सहज मिळतात म्हणूनच ते फोटो एकसारखे निघतात. माणूस कठड्याशी उभा राहतो, कॅमेरा खाली रोखतो, बटण दाबतो. वरून घेतल्यामुळे मागे फक्त गढूळ पाण्याचा सपाट पडदा, आणि त्यावर एक ओंडका. डोळा दिसत नाही, पोट जमिनीला कसं टेकलंय ते दिसत नाही. खाली वाकून घ्या, असं सगळे जाणकार सांगतात, ते बरोबरच आहे. पण पाण्याच्या काठाशी पोटावर झोपायला कुणी जाऊ नये! त्यापेक्षा मला दुसरा उपाय शहाणपणाचा वाटतो. लांब जा आणि लांब पल्ल्याची लेन्स लावा. तुम्ही त्याच उंचीवर उभे राहून मागे सरकलात की नजरेचा उतार आपोआप कमी होतो, आणि प्राणी जवळजवळ समोरासमोर येतो. म्हणजे अंतर राखल्यानं जनावराचं तर भलं होतंच, चित्रही सुधारतं. एरवी कलेत आणि सभ्यतेत असं एकमत क्वचितच असतं.

दुसरी अडचण त्याच्या लांबीची. शेपटीपासून नाकापर्यंत सगळा ॲलिगेटर चौकटीत बसवायचा तर तो आडवी पट्टी होऊन जातो. वर रिकामं, खाली रिकामं. इथे मला आपलं ताट आठवतं. मीठ-लिंबू, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये जागा सोडलेली. सगळं भरून टाकलं की ताट वाढलेलं वाटत नाही, ओतलेलं वाटतं. ॲलिगेटर ज्या बाजूला बघतोय तिकडे जागा सोडावी, शेपटीचं वळण येईल तिथून घ्यावं, नाहीतर सरळ त्याला लहान ठेवून झाडं, पाणी, आकाश मोठं येऊ द्यावं. आणि नेम डोळ्यावर. समोरून घेताना नाकाचा शेंडा पुढे आणि डोळे बरेच मागे असतात. नाक स्पष्ट आणि डोळे धूसर असा फोटो म्हणजे दार उघडं आणि घरात कुणी नाही.

लॅरी लिंच या अमेरिकन छायाचित्रकाराचा एक फोटो या बाबतीत मला फार मोठा वाटतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत तो गाजला. जागा फ्लोरिडातलं मायाका नदीचं उद्यान. सूर्य नुकताच मावळलाय, एक भला थोरला ॲलिगेटर मासे खाऊन तृप्त पडलाय. लिंचनं वीसेक फुटांवर तिपाई लावली, नेम डोळ्यांवर धरला आणि फ्लॅश अगदी किमान ठेवला. बाकी सगळं संध्याकाळच्या निळसर अंधारात बुडालेलं आणि दोन डोळे निखाऱ्यासारखे लाल. डोळ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा एक थर असतो, मांजरीला असतो तसाच. ॲलिगेटरच्या बाबतीत तो प्रकाश लाल परततो. दात दिसत नाहीत. तरीही अंगावर काटा येतो, कारण तो आपल्याकडे बघतोय.

एकच तक्रार आहे. फोटोचं इंग्रजी नाव रात्रीच्या धोक्याचा दिवा अशा अर्थाचं आहे. डोळ्यांचं ते लाल तेज मुळात कमी उजेडात बघण्याची सोय आहे, धमकी नव्हे. फोटो हे जाणतो, नाव विसरतं.

याच्या शेजारी मी धृतिमान मुखर्जी यांचा चंबळवरचा फोटो ठेवते. तो घडियालचा, पण गोत्र एकच. नर घडियाल पाण्यात, नुसती पाठ आणि डोकं वर, आणि पाठीवर-मानेवर पिल्लांची ही दाटी! बाकीच्या मगरी पिल्लं तोंडात धरून नेतात. घडियालचं मुस्कट इतकं चिंचोळं की ते त्याला जमत नाही, म्हणून पिल्लं बापाच्या पाठीवर. 2020 साली याच स्पर्धेत त्याची खास नोंद घेतली गेली. मुखर्जी बरेच दिवस काठावरून शांतपणे बघत होते, असं म्हणतात. तो वेळ फोटोत दिसतो. आजूबाजूला पाण्याशिवाय काही नाही, आणि ते मोकळं पाणीच सांगतं की या पिल्लांना दुसरा आधार नाही. मोठे घडियाल जगात काही शेच उरलेत आणि त्यातले बहुतेक चंबळमध्ये; वाळूचा उपसा आणि धरणं यांनी बाकीच्या नद्या त्यांच्या हातून गेल्या. हे सगळं माहीत नसलेली बाईसुद्धा तो फोटो बघून थांबेल. माहीत असलेली जास्त वेळ थांबेल.

पण रचना फार जमली की माझ्या मनात शंकाही येते. याच स्पर्धेत 2009 चा विजेता, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, पाळीव असल्याच्या संशयावरून बाद झाला. 2017 मधला वारुळापाशी आलेला मुंगीखाऊ पुढच्या वर्षी काढून घेतला, कारण तो भुसा भरलेला असल्याचं परीक्षकांचं मत पडलं. दोन्ही चौकटी निर्दोष होत्या. ॲलिगेटरच्या बाबतीत फसवणूक याहून सोपी आणि महाग आहे. चौकटीच्या जरा बाहेर कोंबडीचा तुकडा टाकला की तो हवी तशी मान वर करतो, हवा तसा जबडा उघडतो. फ्लोरिडात त्याला खाऊ घालणं गुन्हा आहे, त्याला कारण आहे. माणसाकडून खाणं मिळतं हे कळलेला ॲलिगेटर माणसाची भीती सोडतो, मग उपद्रवी ठरतो आणि मारला जातो. फोटो भिंतीवर राहतो. म्हणून अशा चित्राबद्दल मी विचारते, चौकटीबाहेर काय होतं?

आम्हा बडोदेकरांना हा प्रश्न नुसता कलेचा नाही. विश्वामित्री भर शहरातून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. काळाघोडा पुलावर लोक स्कूटर थांबवून त्या बघतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो देशभर फिरला. त्यात मला भीती कमी आणि केविलवाणेपण जास्त दिसलं. जाणार कुठे ती? पण त्याच आठवड्यात फोनवर आलेले बाकीचे फोटो पुन्हा जबड्यांचेच. मगरीचे हल्ले होतात, नाकारण्यात अर्थ नाही. तरी ज्या गावाला मगरीबरोबर राहायचंय त्यानं तिला फक्त दातांत बघितलं तर पुढचा विचार पिंजऱ्याचाच होणार. नववे तीर्थंकर पुष्पदंत यांच्या मूर्तीखाली मगरीचं लांछन असतं. तिथे ती शेपटीसकट, पूर्ण, शांत कोरलेली असते. त्या कारागिरानं काही कापलं नाही.

मला विश्वामित्रीचा एक फोटो हवा आहे. हिवाळ्यातली सकाळ, चिखलाच्या काठावर ऊन खाणारी मगर चौकटीच्या एका कोपऱ्यात, तोंड उघडं असेल तर असू दे. मध्ये पाणी, त्यात तरंगणाऱ्या आपल्याच प्लॅस्टिकच्या पिशव्या, जवळ उभा एक बगळा, आणि मागे पुलावर थांबलेली माणसं, तिच्याकडे बघणारी. असा फोटो माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही. कुणा मैत्रिणीच्या मुलानं काढला असेल तर जरूर पाठवा.