देवानं ढोर ओढलं, दार उघडलं नाही

चोखोबा आपला की त्यांचा, हा प्रश्न आपल्या बैठकांत पुन्हा पुन्हा निघतो. एकजण म्हणतो, दलित साहित्याचा आद्य कवी चोखामेळाच. दुसरा उसळून म्हणतो, कशाचा आद्य? जन्मभर देवाच्या दारात हात जोडून उभा राहिला, मार खाल्ला आणि मार खातानाही देवालाच हाका मारल्या. असला माणूस विद्रोहाचा बाप कसा होईल? मग तिसरा चहा सांगतो आणि विषय तिथंच मिटतो.

हा विषय चहावर मिटवण्यासारखा नाही. तो एकट्या चोखोबाचाही नाही. तो ‘देव पाहून घेईल’ या वाक्याचा आहे. आपल्या आज्या-पणज्या या वाक्यावर जगल्या. आपण ते वाक्य टाकलं, का नुसता त्यातला देव बदलला, हे मला तपासायचं आहे. कविता वाचणाऱ्या माणसाला ते कवितेतच तपासावं लागतं.

मी जालना जिल्ह्यात बसून हे लिहितो, याला कारण आहे. देवावर भार टाकणारी दोन टोकाची कविता आपल्या अंगणातली आहे. घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव. तिथं १६०८ साली नारायण सूर्याजी ठोसर जन्मले, तेच समर्थ रामदास. आणि जालन्याहून देऊळगाव राजाकडं निघालं की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर बुलडाणा जिल्ह्यात मेहुणा राजा लागतं. परंपरा सांगते की चोखोबाचा जन्म तिथला. चोखोबा १३३८ साली गेले. म्हणजे दोघांच्या मधे पावणेतीनशे वर्षं आहेत. दोघांनीही देवाला हाक मारली. पण हाक कशासाठी मारली, हे कोणी शेजारी शेजारी ठेवून वाचत नाही. शाळेत ‘भक्ती’ नावाच्या एकाच डब्यात दोघांना कोंबतात.

रामदासांची करुणाष्टकं घ्या. अनेक घरांत सांजच्याला म्हणतात. त्यातलं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. मन ठरत नाही, पश्चात्तापानं आतून होरपळ होते, रामा तू भेट, मला थारा दे. हे मागणं आतलं आहे. मागणारा देवळाच्या आत बसलेला आहे. देव भेटेल का, ही त्याची काळजी. देवळात घेतील का, ही काळजी त्याला शिवलेलीसुद्धा नाही.

आता चोखोबाचं मागणं बघा. देवाच्या गळ्यातला हार चोख्याच्या गळ्यात कसा आला म्हणून बडवे त्याला झोडपतात आणि तो विठूला धावून ये म्हणतो. इथं होरपळ आतली नाही, वळ पाठीवरचे आहेत. मारणारे कोण? ज्याला हाक मारली त्याच्याच दारातली माणसं. जांबच्या कवीला आपल्या मनापासून सुटका पाहिजे. मेहुण्याच्या कवीला देवाच्याच नोकरांपासून सुटका पाहिजे. दोन्ही ठिकाणी ‘धाव’ म्हटलंय, पण दोन्ही अर्ज एक नाहीत. हा फरक ज्या समीक्षेला दिसत नाही, तिनं संतवाङ्मयावर कितीही जाड ग्रंथ लिहिले तरी आपल्या काय कामाचे?

बरं, विठ्ठल धावला का? कथा सांगतात, धावला. सोयराबाई बाळंत व्हायची होती, चोखोबा बहीण निर्मळेला आणायला गेलेला. घरात कोणी नाही. तर विठ्ठल निर्मळेचं रूप घेऊन आला आणि त्यानं बाळंतपण केलं. दुसरी कथा अशी की चोखोबा मेलेलं ढोर ओढत होता, तर विठ्ठलानं येऊन हात लावला. तिकडं गंगाखेडच्या जनाबाईचं जातं ओढायलाही तोच. या कथांची थट्टा करणं सोपं आहे. मी करणार नाही. ज्या बाईच्या बाळंतपणाला गावातली सुईण शिवत नव्हती, तिला स्वतःच्या उशाशी देव बसवावासा वाटला, यात हसण्यासारखं काय आहे?

पण या कथा नीट वाचा. देव काय काय करतो त्याची यादी काढा. बाळंतपण करतो, ढोर ओढतो, दळण दळतो. आता तो काय करत नाही तेही लिहा. एकाही कथेत तो बडव्याला म्हणत नाही, दार उघड. एकाही कथेत तो पाटलाला म्हणत नाही, आजपासून ढोर तू ओढ. आपल्या कामात तो वाटेकरी होतो, पण हक्कात आपल्याला वाटेकरी करून घेत नाही. व्यवस्था आहे तिथंच राहते, फक्त तिचं ओझं घटकाभर हलकं होतं. देवाच्या सांभाळाच्या सगळ्या गोष्टींतली मेख इथं आहे. सोसणाऱ्याला सोबत मिळते. सोसायला लावणारा सुखात असतो.

शेवटही तसाच. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम चाललेलं. भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा आणि बरोबरचे मजूर गाडले गेले. भिंत धरायला कोणी आलं नाही. मग कथा पुढं चालू होते. नामदेव आले, ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोख्याची म्हणून त्यांनी वेचली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर पुरली. समोर, आत नाही. मेल्यावरही पायरीच्या अलीकडं. कामावर मेलेल्या मजुराची ही गोष्ट आपण सातशे वर्षं चमत्कार म्हणून ऐकत आलो. बाकीच्या मजुरांच्या हाडांचं काय झालं, हे तर कथेनं विचारलंसुद्धा नाही.

मग चोखोबाचं घर नुसतं गुलाम होतं का? नाही. आपल्या दुसऱ्या मित्राचं इथं चुकतं. त्या काळी आपल्या माणसाचं गाऱ्हाणं घेणारी एकही कचेरी नव्हती. पाटील घेत नव्हता, राजा घेत नव्हता, शास्त्री तर नाहीच. एकच पत्ता उघडा होता, विठ्ठल. म्हणून अर्ज तिथं गेले. आणि किती गेले! चोखोबा, बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, एका महाराच्या घरातले पाचजण अभंग रचतात. त्यात दोन बाया. ब्राह्मणाच्या घरातही असं उदाहरण शोधावं लागेल. सोयराबाई विचारते की विटाळ जर देहाचाच आहे तर विटाळावाचून जन्मलेला देह दाखवा कोणता. हा प्रश्न विश्वासातून आलाय, पण तो प्रश्न आहे. बापाच्या अभंगांत मात्र मागल्या जन्मीच्या पापाची कबुली आहे. आपण हीन आहोत हे त्यानं कितीदा तरी मान्य केलंय. ते झाकून त्याला क्रांतिकारक ठरवू नका. जे आहे ते आहे.

खरा बदल पोरगा करतो. कर्ममेळ्याचे अभंग मोजके मिळतात, पण त्यांचा सूरच वेगळा. बाप ‘धाव’ म्हणतो, पोरगा हिशोब मागतो. आम्हाला या जातीत घातलंस कशाला? आम्ही उष्टं खातो याची लाज तुला नाही का? इथं भक्त देवाला साक्षीला उभा करत नाही, आरोपी करतो. त्यानं देव सोडला नाही. पण देव आपोआप पाहून घेईल, यावरचा त्याचा भरवसा उडालेला दिसतो. आद्य कवीच शोधायचा असेल तर मी या पोराच्या दाराशी जाईन.

हा भरवसा मी पुस्तकातून ओळखत नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. हातोडा मारताना म्हणायची, “इठ्ठल हाय ना बाबा, त्यो बघतो समद्याकडं.” त्या वाक्यानं तिला दुपार काढता यायची, हे मी नाकारत नाही. पण पोटात सुकडी गेली ती सरकारनं दुष्काळी काम काढलं म्हणून. काम निघालं ते माणसांनी मोर्चे काढले, ओरड केली म्हणून. मुकादमानं मस्टरवर आजीचा एक खाडा जास्त लावला, तेव्हा तो खोडायला विठ्ठल आला नाही. शेजारची चार बाया उभ्या राहिल्या, तेव्हा खाडा खोडला गेला. आजीनं श्रेय दिलं विठ्ठलाला. बाया हसल्या.

बाबासाहेबांनी नेमकं हे श्रेय जागेवर आणलं. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पण १९३४ साली भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केलं, की आपली माणसं मूर्तिपूजक व्हावीत म्हणून हा लढा नव्हता. त्यांना जागं करायला, स्वतःच्या स्थितीचं भान द्यायला तो होता. दार उघडणं महत्त्वाचं नव्हतं, दारावर हात कोणाचा पडतो ते महत्त्वाचं होतं. १९३५ ला येवला. १९५६ ला नागपूर. पंढरीचं दारसुद्धा देवानं उघडलं नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा ते उघडलं. बडव्यांचे हक्क काढायला १९७३ चा कायदा लागला आणि तो २०१४ ला सर्वोच्च न्यायालयात टिकावा लागला. तरीही बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधाचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. म्हणजे चोखोबाला त्यांनी फेकलं नाही. त्याचा मान ठेवला आणि त्याची वाट सोडली. आपल्याला एवढं जमलं तरी पुष्कळ.

आता कडू बोलतो. जयंतीच्या आसपास आपल्याकडं ज्या कविता येतात त्या वाचा. भीमराया, तू नसतास तर आम्ही मेलो असतो. भीमराया, पुन्हा ये. भीमराया, आमच्याकडं बघ. या कृतज्ञतेत खोटं काही नाही, आणि वामनदादा कर्डकांसारख्यांनी गाण्यातून विचार वस्तीवस्तीत नेला हे कोण विसरेल? पण कवितेतली क्रियापदं मोजा. उठवतो तो, लढतो तो, लिहितो तो, पुन्हा यायचं त्यानंच. आपल्या वाट्याला काय? हात जोडणं आणि रडणं. नाव काढून विठ्ठल घाला, कविता तशीच्या तशी बसते. मग आपण १९५६ ला काय सोडलं?

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मातली भक्ती कोणाला मोक्ष देवो न देवो, राजकारणातली भक्ती अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते. आपल्या धम्मग्रंथात त्यांनी बुद्ध दाखवला तो वाट दाखवणारा, मोक्ष वाटणारा नाही. चालायचं ज्याचं त्यानं. मार्गदर्शन आणि सांभाळ या दोन गोष्टी वेगळ्या. सांभाळ लहान लेकराचा होतो. आपल्याकडं म्हणतात, जालना सोन्याचा पाळणा. सोन्याचा असला तरी पाळणाच. त्यात झोपलेल्याला कोणीतरी दोरी ओढायला लागतं.

१९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली, पोचीराम कांबळे मारले गेले. त्यानंतर नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ती सोळा वर्षं कोणी सांभाळ केला? लाँग मार्चमध्ये चालणाऱ्या पायांनी केला. तुरुंगात भाकरी पोचवणाऱ्या बायांनी केला. या माणसांवर किती कविता आहेत, मोजून बघा.

म्हणून कविता लिहिणाऱ्या मित्रांना एकच सांगणं. दुःख आलं की कोणाचा तरी आधार मागावासा वाटतो, तो मागा, माणूस आहात. पण लिहून झाल्यावर प्रत्येक ओळीखाली बोट ठेवा आणि विचारा, हे काम कोण करतंय? सगळी कामं वरच्यानंच केली असतील तर कागद फाडा. त्या खडीवरच्या चार बाया ज्या कवितेत येतील ती आधी छापू.