घड्याळ एकच, पण शर्यत सारखी का?

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड या कंपनीने जाहीर केले, की त्यांच्या आल्फाझीरो या प्रणालीने स्टॉकफिश ८ या बुद्धिबळाच्या नावाजलेल्या प्रणालीवर १०० डावांत मात केली. २८ डाव जिंकले, ७२ बरोबरीत सुटले, हार एकही नाही. दोघींनाही प्रत्येक चालीला एक मिनिट. वेळ सारखा, म्हणजे तुलना न्याय्य, असे सहज वाटते. आम्हाला ते पटले नाही.

आपली चाल, तिच्यावर प्रतिस्पर्ध्याची, पुन्हा आपली, अशा फांद्या फुटून खेळाचा वृक्ष तयार होतो. बुद्धिबळात एका स्थितीतून सरासरी ३५ चाली धरल्या, तर दोघांच्या दोन-दोन चालींतच पंधरा लाख फांद्या होतात. स्टॉकफिश निरुपयोगी फांद्या छाटत सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती तपासत होती. आल्फाझीरो तपासत होती फक्त ८० हजार. पण कोणती फांदी पाहण्याजोगी, हे ती स्वतःशी खेळून शिकली होती.

आता आक्षेप पाहू. हुशार विद्यार्थी सोप्या प्रश्नावरचा वेळ वाचवून अवघड प्रश्नाला देतो. स्टॉकफिशलाही ही कला येते. दर चालीला ठरावीक मिनिट दिल्याने ती वाया गेली. पाहिलेल्या स्थिती लक्षात ठेवायला तिला स्मृतीही अवघी १ गिगाबाइट दिली होती. शिवाय ती साध्या प्रोसेसरांवर चालत होती, तर आल्फाझीरो खास बनवलेल्या चिपांवर. मिनिट सारखे असले, तरी त्या मिनिटात होणारी आकडेमोड सारखी नव्हती.

डिसेंबर २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या सविस्तर लेखात पहिल्या दोन उणिवा दूर केलेल्या दिसतात. डावाला ३ तास आणि दर चालीला १५ सेकंद जादा, स्मृती ३२ गिगाबाइट, डाव १०००. आल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ गमावले, बाकीचे बरोबरीत. तिचा वेळ एक दशांश केला, तरी तीच सरस ठरली. हे श्रेय दिलेच पाहिजे. यंत्रांतला फरक मात्र कायम राहिला. ‘चार तासांत शिकली’ हे वाक्यही अपुरे आहे. त्या शिकण्यासाठी ५००० चिपा राबत होत्या.

ही गोष्ट वर्गात सांगताना शिक्षकांनी एक प्रयोग करावा. दोन विद्यार्थ्यांना तेच मोठे गुणाकार द्यावेत, पण एकालाच लॉग टेबल द्यावे. घड्याळ दोघांना एकच लावावे. मग वर्गालाच विचारावे, आपण नेमके काय मोजले?