वीस अधिक वीस, उणे पंचवीस

मंडळी, कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते. मग ज्या साधनावर आपली पोरं प्रोग्रामिंग शिकली, त्याची का होऊ नये? आज आम्ही टर्बो सी घेतलं आहे.

जालना म्हणजे सळईचं गाव. समजा, वीस-वीस टन सळई भरून दोन ट्रक निघाले. सी भाषेत दोन 'इंट' घेतले, प्रत्येकात 20000 किलो टाकले, बेरीज तिसऱ्या 'इंट'मध्ये ठेवली. टर्बो सी सांगतं, उणे 25536! तीच बेरीज लिनक्सवर जीसीसीने करा, 40000 येतात. टर्बो सी हे 16 बिटांच्या डॉसचं साधन. त्याचा 'इंट' दोन बाइटचा, 32767 ओलांडलं की आकडा उणेत शिरतो. आजच्या पीसीवर जीसीसीचा 'इंट' चार बाइटचा. आणि सी भाषेच्या नियमात दोन्ही बसतात. 'इंट' किमान 16 बिटांचा हवा, एवढंच नियम म्हणतो.

टर्बो सीचे गुणही सांगू. 1987 साली बोरलँडने ते आणलं. पुढच्या आवृत्त्यांत एडिटर, कंपायलर, डीबगर सगळं एकाच निळ्या पडद्यावर आलं. एफ-8 दाबलं की एक ओळ पुढे. त्या काळच्या मशीनवर हे मोठंच काम होतं.

आमची तक्रार आहे ती सवयीबद्दल. 64 बिटांच्या विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये जुना डॉस उभा करायचा. मग तोच प्रोग्राम लिनक्सवर नेला की 'कोनिओ.एच' सापडत नाही, आणि पोरगं म्हणतं, लिनक्स अवघड आहे!

बरं, व्हीएस कोड आणलं म्हणजे झालं का? नाही. 2015 साली आलेलं हे साधन विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर सारखंच दिसतं. पण सीचा कंपायलर त्यात येत नाही, तो वेगळा बसवावा लागतो. डीबगरही खाली दुसराच राबतो. लिनक्सवर बहुधा जीडीबी, मॅकवर एलएलडीबी.

म्हणून कळा पाठ करून घेऊ नका. हव्या त्या ओळीवर थांबणं, एकेक पाऊल टाकणं, व्हेरिएबलमध्ये डोकावणं, हे तिन्ही शिकवा. साधन बदललं तरी ते टिकतं. जीडीबीत त्यालाच ब्रेक, नेक्स्ट, प्रिंट म्हणतात.

आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तराचे दोन रकाने आखा, दोन प्लॅटफॉर्मचे. ज्या दिवशी ते जुळणार नाहीत, त्या दिवशी पुढचा धडा घेऊ नका. 'उणे 25536' कुठून आलं, हे पोरांनाच डीबगर लावून शोधू द्या.