‘थेट चालते’ म्हणजे नेमके काय?

संगणकाचा विषय शिकवताना दोन व्याख्या आपण वर्गात हमखास लिहून देतो. कंपायलर संपूर्ण आज्ञावलीचे एकदम यंत्रभाषेत भाषांतर करतो. इंटरप्रिटर एकेक ओळ वाचून तिचे भाषांतर करत जातो. मग तात्पर्य येते : कंपाइल केलेली फाइल संगणकावर थेट चालते, दुसरीला मध्यस्थ लागतो. व्याख्या सुटसुटीत आहेत, तक्त्यात मांडता येतात आणि ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला पुरेसे मुद्दे मिळतात. आमचा आक्षेप असा, की या व्याख्या अर्ध्याच खऱ्या आहेत आणि ‘थेट’ हा शब्द तर मुलांची दिशाभूल करतो.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. सोलापुरातल्या एका प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी आम्ही हजर होतो. एका विद्यार्थिनीने घरी पायथॉन भाषेत आज्ञावली लिहिली, ती कंपाइल केली आणि तयार झालेली फाइल तेवढी पेनड्राइव्हवर आणली. कंपाइल केलेली फाइल थेट चालते, असे तिच्या वहीत लिहिलेले होते. प्रयोगशाळेतल्या संगणकावर ती चालली नाही. ‘आज्ञावली सदोष’ असा शेरा पडला आणि गुण गेले. दुसऱ्या दिवशी तिने मूळ मजकूर आणला. त्याच संगणकावर तो बिनतक्रार चालला. आज्ञावलीत दोष नव्हताच. दोष आम्ही शिकवणाऱ्यांनी दिलेल्या व्याख्येत होता.

व्याख्या तपासायला एक सोपा प्रयोग आहे. पायथॉनमध्ये चार ओळींची आज्ञावली लिहा. पहिल्या ओळीत स्वतःचे नाव छापण्याची आज्ञा द्या आणि शेवटच्या ओळीत एक कंस मुद्दाम उघडा ठेवा. पायथॉन खरोखरच ओळीमागून ओळ चालवत असता, तर आधी नाव छापले जाऊन मग चूक दाखवली गेली असती. प्रत्यक्षात नाव छापले जात नाही. कारण पायथॉन आधी पूर्ण फाइल वाचतो, तिचे एका मधल्या भाषेत रूपांतर करतो आणि मगच चालवू लागतो. म्हणजे आपण ज्याला इंटरप्रिटर म्हणतो, त्याच्या पोटात एक कंपायलर आहे.

ही मधली भाषा कोणत्याही खऱ्या प्रोसेसरची नसते. पायथॉनच्या चालक आज्ञावलीने कल्पिलेल्या एका यंत्राची ती भाषा असते आणि पायथॉनच्या आवृत्तीबरोबर ती बदलते. म्हणून फाइलीच्या आरंभी आवृत्तीची खूण म्हणून एक ठरावीक आकडा लिहिलेला असतो. चालकाला अपेक्षित असलेला आकडा दिसला नाही, की तो फाइल नाकारतो. त्या मुलीचे नेमके हेच झाले. घरचा पायथॉन नवा होता, प्रयोगशाळेतला जुना.

हे समजावून सांगायला सोलापूरच्या शिक्षकाने लांब जायला नको. मुलांना घेऊन जकार्डचा माग असलेल्या चादरीच्या कारखान्यात जावे. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही युक्ती. मागाच्या माथ्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक फेक. कार्डात भोक असेल तेथे सुई आत शिरते, तिचा हुक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे धागे वर येतात. भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि हुक खालीच राहतो. वर आलेल्या आणि खाली राहिलेल्या धाग्यांमधून धोटा जातो. अशा शेकडो कार्डांतून मोर किंवा फूल उमटते. चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना उचलली ती येथूनच.

आता पाहा. ही माळ मागावर ‘थेट’ चालते. कोणी मध्ये बसून ती वाचून दाखवत नाही. पण तीच माळ दुसऱ्या कारखान्यात नेली आणि तिथल्या जकार्डच्या हुकांची संख्या किंवा भोकांमधले अंतर निराळे असले, तर नक्षी उमटणार नाही. कार्डे चुकीची नाहीत. ती दुसऱ्या यंत्रासाठी पाडलेली आहेत. अशा वेळी चौकटीच्या कागदावर काढलेल्या मूळ नक्षीकडे परत जावे लागते आणि नव्या यंत्राच्या मापाने कार्डे पुन्हा पाडावी लागतात. ‘थेट चालणे’ हा एकट्या कार्डाचा गुण नाही. ते कार्ड आणि माग यांच्यातले नाते आहे.

संगणकात हे नाते आणखी गुंतागुंतीचे आहे, कारण फाइल आणि प्रोसेसर यांच्यामध्ये संचालन प्रणाली बसलेली असते. फाइल चालवायची की नाही, हे आधी ती ठरवते. विंडोज फाइलीच्या नावाचे शेपूट पाहते. शिवाय डॉट ईएक्सई फाइलीच्या आरंभी ‘एमझेड’ ही दोन अक्षरे असावी लागतात. हा साचा घडवणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याची ती आद्याक्षरे. लिनक्स शेपटाला महत्त्व देत नाही. फाइल चालवण्याची परवानगी दिली आहे का, हे ती पाहते, आणि मग पहिले काही बाइट वाचते. तेथे ‘ईएलएफ’ ही खूण दिसली, तर फाइल यंत्रभाषेतली आहे असे समजते. म्हणूनच प्रोसेसर एकच असला तरी विंडोजची फाइल लिनक्सवर आपसूक चालत नाही. ‘यंत्रभाषेत भाषांतर झाले की काम संपले’ हे आपले वाक्य येथे उघडे पडते.

मग मधल्या भाषेतली फाइल नुसत्या नावाने कशी चालते? प्रत्येक प्रणालीची रीत वेगळी आहे. विंडोजमध्ये शेपटाची आणि चालकाची जोडी नोंदवलेली असते. लिनक्सच्या गाभ्यात १९९७ पासून एक नोंदवही आहे. अमुक बाइटांनी सुरू होणारी फाइल अमुक चालकाकडे सोपवावी, असे तीत लिहून ठेवता येते. तिसरी रीत युनिक्सची जुनी. डेनिस रिची यांनी १९८० साली सुचवल्याप्रमाणे फाइलीच्या पहिल्या ओळीत #! ही चिन्हे आणि पुढे चालकाचा पत्ता लिहायचा. तिन्ही रीतींत चालक पडद्याआड असतो, पण असतोच.

या तिसऱ्या रीतीतला एक खोडा शिक्षकांनी लक्षात ठेवावा. विंडोजवर लिहिलेल्या मजकुरात ओळीच्या शेवटी बहुधा दोन अदृश्य चिन्हे असतात, लिनक्सवर एक. जादा चिन्ह चालकाच्या नावाला चिकटते आणि लिनक्स ‘अशी फाइल नाही’ म्हणते. फाइल तर मुलाच्या डोळ्यांसमोर असते. सापडत नाही तो चालक, हे त्याला कोण सांगणार?

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९५ साली जावा भाषा आणली ती ‘एकदा लिहा, कोठेही चालवा’ या घोषणेसह. घोषणा खोटी नव्हती, अपुरी होती. ‘कोठेही’ म्हणजे जेथे जावाचा योग्य चालक कोणीतरी आधीच बसवून ठेवला आहे तेथे. कष्ट नाहीसे झाले नाहीत, ते लिहिणाऱ्याकडून चालक बनवणाऱ्याकडे आणि बसवणाऱ्याकडे गेले. सौदा फायद्याचा होता, हे आम्ही मान्य करतो. पण सौदा आहे, एवढे तरी मुलांना सांगायला हवे.

म्हणून आमची सूचना अशी. तक्त्यातल्या दोन रकान्यांऐवजी कोणत्याही फाइलीला तीन प्रश्न विचारायला शिकवावे : ही कोणत्या प्रोसेसरसाठी आहे? कोणत्या संचालन प्रणालीसाठी? आणि हिला चालक लागत असल्यास कोणता, कोणत्या आवृत्तीचा? उत्तरे मिळाली की ‘कंपाइल केलेली’ आणि ‘न केलेली’ या शब्दांचा धाक उरत नाही.

दुसरी सूचना परीक्षकांसाठी. मुलांकडून कंपाइल केलेल्या फाइलीबरोबर मूळ मजकूर अवश्य मागून घ्यावा आणि फाइल न चालल्यास शेरा मारण्यापूर्वी मजकूर चालवून पाहावा. हा नियम परीक्षेपुरता नाही. संगणक बदलतात, चालक जुने होतात. मूळ मजकूर असेल तर आज्ञावली पुन्हा उभी करता येते. नक्षीचा कागद हरवलेल्या कारागिराजवळ कार्डांचा ढीग असतो, पण नवा माग आला की ती नक्षी त्याला भोके मोजत उलट्या वाटेने शोधावी लागते.

त्या मुलीचे गुण पुढे दुरुस्त झाले. वहीतली व्याख्या मात्र अजून तशीच आहे. ती दुरुस्त करायला कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही; चार ओळींचा तो प्रयोग उद्याच्या तासालाही करता येईल.