एका मुंगीचे वर्णन: कसे वाचावे?

नव्या जातीचे वर्णन करणारे शोधनिबंध बहुधा रुक्ष असतात. त्यामुळे ते वर्गापर्यंत पोचत नाहीत, पोचते ती त्यांची बातमी. राबेलिंग, ब्राउन आणि फेरहाग यांनी २००८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध मात्र शिक्षकांनी मुळातून वाचावा असा आहे. गुणांसाठी, तसाच मर्यादांसाठी.

त्याचा विषय आहे 'मार्शियालिस ह्यूरेका' ही मुंगी. ब्राझीलमधील मनौस शहराजवळच्या जंगलात, २००३ साली, पालापाचोळ्यात ती सापडली. सापडली तीही एकच कामकरी मुंगी! लांबी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, रंग फिकट, डोळे नाहीत, जबडे चिमट्यासारखे लांब. नावातील पहिला शब्द मंगळावरून आला आहे; दुसऱ्याचा अर्थ 'सापडली!' १९९८ मध्ये मिळालेले दोन नमुने हाती राहिले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या नावातील आनंद कळतो.

निबंधाचा मोठा गुण असा, की "ही वेगळी आहे" एवढे म्हणून लेखक थांबत नाहीत. कोणत्या उपकुलापासून कोणत्या लक्षणांनी वेगळी, हे ते दाखवतात. एका पुढच्या पायातून डीएनए मिळवून त्याचीही साक्ष काढतात. मूळ नमुना संग्रहालयात जपलेला आहे. म्हणजे वाचकाला त्यांचे म्हणणे पडताळून पाहता येते.

मर्यादाही उघड आहेत. एकाच नमुन्यावरून जातीतील लहानमोठे फरक कसे कळणार? वारूळ, राणी, आहार यांविषयी निबंधात आहेत ते तर्कच. शिवाय ही एकटीच शाखा इतर सर्व हयात मुंग्यांपासून आधी वेगळी झाली, हा त्यातील निष्कर्षही पुढे बदलला. अधिक जनुके तपासल्यावर, २०१९ मधील एका अभ्यासात, ती लेप्टॅनिलिनी या उपकुलासह एका शाखेत आली. वर्णन आणि नाव मात्र टिकले. निरीक्षण आणि अनुमान वेगळे का ठेवायचे, याचे इतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

बातम्यांत या मुंगीला 'सर्वांत आदिम' म्हटले गेले. ते बरोबर नाही. बाजूची जुनी शाखा म्हणजे पूर्वज नव्हे. आपला चुलत भाऊ आपला आजोबा नसतो. अंधत्व हे जमिनीखालच्या जीवनाशी जुळवून घेतल्याचे लक्षण असू शकते. १९६७ साली वर्णन केलेल्या स्फेकोमिर्मा या जीवाश्म मुंगीला तर चांगले डोळे होते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. दोन-तीन प्रकारच्या मुंग्या भिंगाखाली ठेवा. एका गटाने त्यांपैकी एकीचे वर्णन लिहावे आणि दुसऱ्या गटाने केवळ ते वाचून तिला ओळखावे. ओळख चुकली, तर वर्णनात काय राहून गेले ते मुलेच शोधतील.