दूरचित्रवाणीवरील शृंगार

दूरचित्रवाणीवरील प्रेममालिकांचा विषय निघाला की आपल्यातील पुष्कळ अध्यापक मंडळी नाक मुरडतात. आम्हांस हे योग्य वाटत नाही. बेळगाव, इंदूर, बडोदे येथील कित्येक मराठी घरांत नाटक क्वचितच पोचते, वाङ्मयीन नियतकालिक त्याहून क्वचित. दोन माणसे परस्परांशी मराठीत प्रेमाने बोलताना रोज ऐकू येतात ती या मालिकांतच. आमची मुले प्रेमाची भाषा जेथे शिकतात, त्या लेखनाची परीक्षा आपण करावयाची नाही, तर कोणी करावी?

परीक्षेस नवी मापे नकोत. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत पहिलेच संभावनाविरहाचे आहे. जे घडणे शक्य वाटत नाही, त्यात प्रेक्षकाचे मन विसावत नाही. मात्र संभाव्य म्हणजे नित्य घडणारे, असे नव्हे. सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ (२०१२) हिचे बीजच विलक्षण. घनश्याम व राधा या दोघांनाही लग्न नको. घरच्यांच्या आग्रहातून सुटण्यासाठी ती नावापुरते लग्न करून पुढे विभक्त होण्याचा करार करतात. असा करार आमच्या पाहण्यात कोठे नाही. तरीही मालिका पटते, कारण तो एकदा मान्य केला की पुढचे सारे त्यातूनच निपजते. काळ्यांच्या एकत्र कुटुंबात राधेला जितकी माया मिळते, तितके मनातील खोटेपण जड होते. प्रेमाच्या आड येतो तो मुख्यतः दोघांनीच एकमेकांस दिलेला शब्द. मुक्ता बर्वे व स्वप्नील जोशी यांची थट्टा चालता चालता मध्येच थबकते, आणि शास्त्रकार अनुभाव कशास म्हणतात ते तेथे डोळ्यांना दिसते.

याउलट ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३–२०१६) हिचा आरंभ अधिक वास्तव. बँकेत नोकरी करणारी जान्हवी, सधन परंतु साधा श्री. त्यांच्या ओळखीचा भाग गोड होता यात शंका नाही. पुढे जान्हवीची स्मृती गेली, आणि तिच्याबरोबर आमची श्रद्धाही.

स्मृतिनाश या युक्तीस आमचा आक्षेप नाही. महाभारतातील शकुंतलेच्या कथेत शाप नाही. तो कालिदासाने घातला. परंतु दुष्यंताच्या चिंतनात गढल्यामुळे शकुंतलेस दुर्वासाची हाक ऐकू येत नाही, म्हणजे शापाचे मूळ तिच्या प्रेमातच आहे. पाचव्या अंकात हंसपदिकेचे गीत ऐकून राजा कारण न कळता व्याकूळ होतो; स्मृती गेली तरी संस्कार उरला आहे. अंगठी मिळाल्यावरचा त्याचा पश्चात्ताप तर सबंध सहावा अंक व्यापतो. जान्हवीची विस्मृती अशी प्रेमातून उगवत नाही. ती बाहेरून येते, आणि ओसरते तेव्हा माणसे होती तेथेच असतात. नंतर तिचे गरोदरपण इतके लांबले की प्रेक्षकांत तो चेष्टेचा विषय झाला. मम्मटाने विप्रलंभाचे अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास व शाप असे पाच हेतू मानले. दैनिक मालिकांनी लांबण हा सहावा शोधून काढला!

दोष केवळ लेखकाचा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. नाटककारास पडदा केव्हा पडणार हे ठाऊक असते. मालिकालेखकास ते प्रेक्षकसंख्येचे आकडे सांगतात. पहिली मालिका वर्षाच्या आत आटोपली, दुसरी अडीच वर्षे चालली. एवढ्यानेच पुष्कळ उलगडा होतो. मजकूर संपला तरी वेळ भरावयाचा असतो. मग एका वाक्यावर चार चेहरे आळीपाळीने दाखवायचे आणि मागे वाद्यांचा कल्लोळ. तेजश्री प्रधान व शशांक केतकर यांनी असे पोकळ प्रसंगही काही काळ केवळ नजरेच्या आर्जवावर तोलून धरले. परंतु विभावच लिहिलेला नसेल, तर तो नटाने कोठून आणावा?